छावणीतली खुरटी ज्वारी

प्रिय बन्सी,

तुझं घर हाकेच्या अंतरावर, आणि मी तुला पत्र लिहितोय. हसशील. हस बाबा, या दुष्काळात कोणीतरी हसायला हवं. चारा छावणीत मालनबाई अजून रोज येते आणि तिच्या मेलेल्या गाईच्या रिकाम्या खुंट्याजवळ बसून राहते. तिला ऊठ म्हणायची माझी छाती होत नाही.

माझे वडील गेले तेव्हा गावात आमचं एकच ख्रिस्ती घर. कबरीचा खड्डा खणायला कोणी पुढे येईना. तू कुदळ घेऊन आलास, कोणाच्या बोलण्याला भीक घातली नाहीस आणि दुपारभर मुरूम फोडत राहिलास. तेव्हापासून तुला नाही म्हणायला माझी जीभ वळलेली नाही. सोसायटीचा चेअरमन झालास आणि मला सोसायटीच्या छावणीवर देखरेखीला ठेवलंस, तीही तुझी मायाच.

गाई गेल्या त्या सकाळी ट्रॉलीतून गुडघाभर वाढून करपलेली ज्वारी उतरली. पाण्यावाचून खुरटलेली कोवळी ज्वारी घातली की जनावरांना किराळ लागतं, विष भिनतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी तसं बोललोही. तू म्हणालास, "शांत्या, दोन दिस झाले, दावणीला काडी न्हाई. लोक मला फाडून खातील. घाल, काय व्हत न्हाई." तुझा उतरलेला चेहरा मला बघवला नाही. मी माझ्या हातांनी भारे सोडले. दुपारपर्यंत चार गाई पाय झाडून गेल्या. संध्याकाळी लोकांपुढे तू छावणीला माल देणाऱ्या इलियासच्या पेंडीवर बोट ठेवलंस, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान डोलावली.

इलियासचं दुकान त्यानंतर उघडलेलं नाही. त्याची आई हजराबी परवा रस्त्यात भेटली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "शांतवन, तू तो वहींच था ना रे?" रविवारी केजला उपासनेत प्रभुभोजनाचा पेला माझ्यापर्यंत आला आणि मी तो ओठाला न लावता पुढे दिला. बायकोने ते पाहिलं. तुझं मन राखायला मी देवापुढे खोटा झालो, बन्सी, आणि एका गरिबाची भाकरी घालवली.

सोमवारी सोसायटीची सभा आहे. पेंड चांगली होती, ज्वारी मी घातली, माहीत असून घातली, हे मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. कोणाच्या सांगण्यावरून, असं विचारतील. तेव्हा तुझं नाव घेईन. भावाचं चुकलं तर आधी त्याला एकट्याला गाठून सांगावं, अशी आमची शिकवण. म्हणून दोनदा तुझ्या दारापर्यंत येऊन परत फिरलो. तू "ये बे शांत्या, च्या घे" म्हणशील आणि माझं तोंड पुन्हा बंद होईल, याची भीती वाटली. जमलं तर माझ्याआधी तूच ऊठ आणि सांग. नाही उठलास, तर मी उठेन. त्यानंतर तू माझं तोंड पाहणार नाहीस, हे धरून आजच रडून घेतलंय. सभेत आवाज फुटायला हवा.

तरीही तुझाच,
शांतवन