डाव्या कोपराचे ठिगळ

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र माझ्या दुकानातल्या कापायच्या टेबलावर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी काल तपासून तसा दाखला दिला आहे आणि तो सोबत टाचला आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे पत्नीला दिले होते, आणि ती माझ्या आधी निघून गेली.

वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी सांगितले आहे की मृत्युपत्र थोडक्यात लिहावे, मन मोकळे करायला दुसरा कागद घ्यावा. बाई हुशार आहेत. पण त्यांचा काळा कोट मी तीनदा सैल करून दिला आहे, त्यामुळे त्यांचे सगळेच ऐकायला मी बांधलेला नाही.

कलम १. दुकानामागच्या माझ्या मालकीच्या दोन खोल्या मुलीला मिळाव्यात. आईच्या आजारपणात ती दर शनिवारी दोन बस बदलून येत होती. मुलगा फोन करत होता. फोनवर तो फार प्रेमळ आहे.

कलम २. बँकेत जे असेल ते दोघांना निम्मे निम्मे. यावरून भांडू नये. भांडण्याइतके ते नाही.

कलम ३. मोठी कात्री मुलाला. या कात्रीने कापडाशिवाय काहीही कापू नये. लहानपणी मुलाने याच कात्रीने पुठ्ठा कापला होता आणि मी त्याला ग्राहकांसमोर मारले होते. तो मार मला अजून टोचतो. कात्री देऊन त्याची भरपाई होत नाही हे मला कळते, पण माझ्याकडे याहून चांगली वस्तू नाही.

कलम ४. शेजारच्या चष्मेवाल्याने अकरा वर्षांपूर्वी त्याची पाटी हातभर पुढे काढून माझी पाटी झाकली. त्याला माझा लाकडी स्टूल द्यावा. रोज चार वाजता येऊन तो त्याच्यावरच बसतो आणि डगमगतो म्हणून कुरकुर करतो. माझ्यामागे त्याने आपल्या दुकानात बसून कुरकुर करावी.

कलम ५. शिलाईचे मशीन, तेलाची बाटली आणि पायाखालची चटई रेकॉर्ड रूममधल्या बाईला मिळावी. ही बाई माझ्या नात्यातली नाही. सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये ती शिपाई होती, आता माझ्याकडे काज-बटण करते. तिला मशीन का, हे पुढच्या कलमात येईल.

कलम ६. माझी मापवही, आणि भिंतीतल्या कपाटात पत्नीच्या शिवणपेटीत ठेवलेला एक पांढरा सदरा, या दोन वस्तू न्यायालयात द्याव्यात. इथे मला जरा सविस्तर लिहावे लागेल. वकीलबाईंनी रागावू नये.

साहेबांचे सदरे मी बावीस वर्षे शिवत आहे. साहेब म्हणजे आमच्या भागातून निवडून येणारे, पुढे मंत्री झालेले. त्यांना सगळे उजव्या कोपरावरच्या ठिगळामुळे ओळखतात. सभेत ते हात वर करून ठिगळ दाखवायचे आणि म्हणायचे, "माझ्या बाहीला ठिगळ आहे, चारित्र्याला नाही!" टाळ्या पडायच्या. मीही एकदा मागे उभा राहून टाळ्या वाजवल्या आहेत, आणि ते ठिगळ आदल्या आठवड्यात आमच्याच घरात नव्या कोऱ्या सदऱ्याला लावलेले होते.

होय, नव्या सदऱ्याला. साहेबांनी जुना सदरा कधी घातलाच नाही. दर वर्षी चार सदरे, उत्तम कापड, आणि प्रत्येकाच्या उजव्या कोपराला जरा विटक्या कापडाचे ठिगळ. ठिगळ पत्नी हाताने लावायची. तिचे टाके इतके बारीक असायचे की ठिगळ गरिबाचे वाटावे म्हणून मुद्दाम दोन टाके मोठे घालायला मी तिला सांगायचो. ती म्हणायची, "ज्यांचं खरंच फाटतं ते शिवायला येतात तेव्हा तुम्ही आठवडा लावता. आणि ह्यांचं न फाटलेलं दोन दिवसांत." मी म्हणायचो, गिऱ्हाईक आहे. मंत्री माझ्याकडे शिवतात ही गोष्ट मला मिरवायला आवडायची, हे इथे कबूल करतो.

पत्नी गेल्यानंतरचा पहिला सदरा मी एकट्याने केला. बाही जोडण्याआधी तिच्यावर ठिगळ लावायचे ही आमची रीत. दोन्ही बाह्या उलट्या बाजूने टेबलावर पसरल्या होत्या. कापड उलटे असले की डावी बाही उजवी दिसते. हे शिकाऊ माणसालाही पहिल्या महिन्यात कळते. मला त्या दिवशी कळले नाही. ठिगळ डाव्या बाहीला लागले.

मी साहेबांना सांगितले. उसवून देतो म्हणालो. ते हसले आणि म्हणाले, "राहू द्या मास्तर. सभेला नाही घालणार, कचेरीत घालीन. तिथे कोण बघतंय?" हे सगळे मापवहीत त्या तारखेला लिहिलेले आहे. प्रत्येक कपड्याचा तुकडा पानाला टाचायचा आणि काही कमीजास्त झाले तर खाली लिहायचे, अशी माझी सवय आहे. त्या पानावर लिहिले आहे: "ठिगळ डावीकडे. माझी चूक. साहेबांना कळवले. चालेल म्हणाले."

त्यानंतर दीड वर्षाने सरकारी दवाखान्याचा जिना कोसळला. तिघे गेले. जिना साहेबांच्या मेहुण्याने बांधला होता. त्याच्या तपासणीची फाईल रेकॉर्ड रूममध्ये होती. जेवणाच्या सुटीत आमची बाई फडताळांच्या मागे डबा खात बसली होती. एक माणूस आत आला आणि त्या फाईलची पाने एकेक करून कागद बारीक करायच्या मशीनमध्ये घालू लागला. बाईने मोबाईलवर चित्रण केले. माणूस पाठमोरा आहे, चेहरा दिसत नाही. डाव्या कोपरावरचे ठिगळ मात्र स्वच्छ दिसते.

ते चित्रण त्याच रात्री बातम्यांत आले. साहेब दुसऱ्याच दिवशी टीव्हीवर आले आणि उजवा हात वर करून म्हणाले, "माझं ठिगळ या बाजूला आहे, शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. नक्कल करणाऱ्यानं निदान बाजू तरी नीट बघायची होती!" लोक हसले. इथे या दुकानात चष्मेवालाही हसला. मी पायमशीन चालवत राहिलो, पण सुईखाली कापड नव्हते.

संध्याकाळी साहेबांच्या कचेरीतला माणूस पिशवीत तो सदरा घेऊन आला. "ठिगळ उसवा आणि उजवीकडे घ्या." मी सदरा ठेवून घेतला आणि त्यांना उजव्या ठिगळाचा नवाच शिवून दिला. उसवला असता तर डाव्या बाहीवर सुईची भोके राहिली असती, हे एक कारण. दुसरे कारण असे की पत्नीशिवाय मी लावलेले ते पहिले ठिगळ होते आणि ते उसवणे माझ्या जिवावर आले. पुरावा राखावा वगैरे काही माझ्या मनात नव्हते. उगाच मोठेपणा घेत नाही.

मग चौकशीत मला बोलावले. शपथ घेतली. साहेबांच्या वकिलांनी विचारले, "मास्तर, पन्नास वर्षांत बाजूची चूक तुमच्या हातून कधी झाली आहे?" दालन भरलेले होते. अर्ध्या लोकांचे कपडे मी शिवलेले होते. मी मान ताठ करून म्हणालो, "कधीच नाही."

भीती होतीच. पण खरे सांगतो, आधी जिभेवर आला तो रुबाब. भीती मागून आली आणि तिने तो रुबाब पक्का केला.

साहेबांवरची चौकशी थांबली. बाईची नोकरी गेली आणि खोटा पुरावा तयार केल्याचा खटला तिच्यावर भरला गेला. तो कायदा साहेबांनीच आणलेला. सरकारी कागदाशी खेळणाऱ्याला दयामाया नको, असे नाकाने कांदे सोलत त्यांनी केलेले भाषण मी रेडिओवर ऐकले होते. शिक्षा दोन वर्षे. निकाल येत्या चोवीस तारखेला. तिची मुलगी आठवीत आहे.

बाई तीन आठवड्यांपूर्वी माझ्याच दुकानात आली. "मास्तर, काज-बटणाचं काम असेल तर द्या." मी बटणांचा डबा शोधायला वाकलो. तीच पुढे म्हणाली, "तुम्ही तिथे बोललात ते मी ऐकलं. तुम्हाला तसंच आठवत असेल तर माझा राग नाही. माणूस विसरतो."

मी विसरलो नव्हतो. मी तिला बटणे दिली. तेव्हापासून ती खिडकीशी बसून काम करते, आणि ज्या कपाटात तो सदरा आहे त्याला तिची पाठ टेकलेली असते. मला रोज लाज वाटते. म्हणून मी ठरवले की माझ्यामागे मापवही आणि सदरा न्यायालयात जावा.

कलम ७. साहेबांना त्यांचे माप द्यावे. छाती बेचाळीस, बाही साडेतेवीस, पोट दर निवडणुकीला दोन बोटे जास्त. पुढे त्यांना जिथे राहावे लागेल तिथले कपडे मापाने शिवलेले नसतात असे ऐकतो. निदान माप तरी जवळ असावे.

इथवर सोमवारी लिहिले.

मंगळवार. वकीलबाईंनी वाचले. सहावे कलम दोनदा वाचले आणि चष्मा काढून ठेवला.

"मास्तर, हे कधी उघडणार?"

"मी गेल्यावर."

"आणि निकाल कधी आहे?"

"चोवीसला."

"डॉक्टर काय म्हणाले?"

दाखला समोरच होता. रक्तदाब उत्तम, हृदय उत्तम. निघताना डॉक्टर पाठीवर थाप मारून म्हणाले होते, "मास्तर, अजून दहा वर्षं तुम्ही कुठे जात नाही." तेव्हा मला त्याचा आनंद झाला होता.

"म्हणजे," वकीलबाई म्हणाल्या, "तिला सोडवायचं तर तुम्हाला बारा दिवसांत मरावं लागेल."

त्या रागावल्या नव्हत्या. मी शिंपी आहे, तारखेला कपडा न मिळाल्यावर त्याचा काही उपयोग नसतो हे मला दुसऱ्याने शिकवायला नको होते. मी विचारले, मी स्वतः न्यायालयात जाऊन सांगितले तर? त्या म्हणाल्या, "खोट्या शपथेचा खटला तुमच्यावर होईल. वय बघून सवलत मिळेल, नाहीतर नाही मिळणार. मी खोटा धीर देणार नाही."

खाली आलो. कपाट उघडायचे म्हणून बाईला जरा सरकायला सांगितले. सदरा टेबलावर ठेवला, मापवहीचे पान उघडले. तिने वाचले. मग ठिगळावर बोट फिरवले.

"टाके वाकडे आहेत, मास्तर."

"हो. पहिलंच होतं."

सुई टाचण्यांच्या गादीत खोचून ती उठली आणि निघून गेली. दिवसभर आली नाही. तिने मला चार शब्द सुनावले असते तर बरे वाटले असते.

बुधवार. सदरा, मापवही आणि मी, तिघेही अकरा वाजता न्यायालयात हजर झालो. वकीलबाई बरोबर होत्या. वस्तू मिळाल्याची पोच घेतली. माझी साक्ष पुन्हा होणार आहे. कारकुनाने विचारले, "आधी खोटं का सांगितलंत?" मी म्हणालो, "चूक झाली हे सांगायची सवय नव्हती." त्याने ते जसेच्या तसे लिहून घेतले.

त्यामुळे कलम ६ रद्द. ज्या वस्तू माझ्याकडे राहिल्या नाहीत त्या मी कोणाला देऊ शकत नाही. कलम ७ वकीलबाईंनी खोडायला सांगितले होते; मी खोडत नाही.

गुरुवार. आता सह्या. मी ठरवले होते की साक्षीदार दोन: चष्मेवाला आणि रेकॉर्ड रूममधली बाई. वकीलबाई म्हणाल्या की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, स्टूलसुद्धा नको. चष्मेवाल्याने लगेच स्टूल उचलला आणि आपल्या दुकानात ठेवून आला. "आता मला तुझ्या मरणातून काही नको," म्हणाला. कलम ४ रद्द.

बाई आज सकाळी आली होती. खिडकीशी बसून परवाची बटणे पुरी करत होती. मी तिला म्हणालो, मशीन आजपासून तुमचे, माझ्या मरणाची वाट बघायची गरज नाही, मला शिवायचे असेल तेव्हा मी तुम्हाला विचारीन. आणि या कागदावर साक्षीदार म्हणून सही कराल का, असेही विचारले. कलम ५ रद्द.

तिने दोरा दाताने तोडला आणि कागद शेवटपर्यंत वाचला.

"सही करीन. पण मी तुम्हाला माफ केलं असं त्यात लिहू नका."

लिहिलेले नाही.

उरलेली कलमे १, २, ३ आणि ७ हेच माझे शेवटचे मृत्युपत्र. मुलाने आणि मुलीने वर्तमानपत्रात माझ्याविषयी जे येईल ते वाचावे. ते खरे असेल. तुरुंगात जावे लागले तर दुकान बंद ठेवू नये, किल्ली बाईकडे आहे.

स्थळ: माझे दुकान, खिडकीजवळचे टेबल.
तारीख: चौदा, गुरुवार, सकाळी साडेदहा.

मृत्युपत्र करणार: मास्तर (सही)

साक्षीदार पहिला: शेजारचा चष्मेवाला (सही). माझ्यासमोर सही केली. स्टूल अजूनही डगमगतो.

साक्षीदार दुसरी: रेकॉर्ड रूममधली बाई (सही). हिच्या सहीखाली मी, मास्तर, लिहितो: हिच्या शब्दावर विश्वास ठेवू नका असे शपथेवर सांगणारा मीच. या कागदावर जे लिहिले आहे ते मीच लिहिले, याला आता साक्ष हिच्याच शब्दाची.