फळीच्या तळाला कुंकू

आबा,

आज सकाळी घरी आलं ते असं. एक लांब खोकं, उभं केलं तर माझ्या कानाला लागेल एवढं, पाठवण्याचा खर्च दुकानाचा. त्यात एक फळी, सोबतच्या कागदावर किंमत बाराशे डॉलर, पण आपल्याला शून्य, कारण ती परत करायची आहे. मेणाच्या दोन वड्या, अठ्ठावीस डॉलर, त्या मात्र आपल्या पैशांच्या. आणि एक इंग्रजी पत्र. त्याला काहीच पडलं नाही, तरी आजच्या सामानात मला महाग गेलं ते तेच. म्हणून संध्याकाळची देवपूजा आटोपून, रात्रीच्या वरणाला पुन्हा कुकर लावून तुम्हांला लिहायला बसले आहे. तुम्ही जाऊन एकतीस वर्षं झाली आणि हयातीत तुम्हांला माझं पत्र आलं ते फक्त खुशालीचं. हे खुशालीचं नाही. तुमच्या नातीला, म्हणजे माझ्या लेकीला, एक गोष्ट सांगायची की गिळून टाकायची, ते मला ठरवता येत नाहीये.

तुम्ही तिला पाहिलं तेव्हा ती पाळण्यात होती. आता बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि आम्ही सिंगापूरला पुंगोलमध्ये चौदाव्या मजल्यावर राहतो. हे गेल्यापासून मी लेकीकडेच असते. इथे बारा महिने घाम, आणि हिला नाद लागला आहे बर्फाचा. ही फळी बर्फावरून घसरायची. दोन्ही पाय तिला आडवे बांधायचे आणि डोंगराच्या माथ्यावरून खाली यायचं, तेही आखून दिलेल्या वाटेनं नाही, झाडाझाडांतून, जिथे कुणी गेलेलं नाही तिथून. दर वर्षी ती त्यासाठी दहा दिवस जपानला जाते. मागं माझ्या नातीची शाळा, डबा, जावयांचं जेवणखाण मी बघते. मी आहे म्हणून ती जाते, हे ती स्वतः चारचौघांत सांगते आणि लोक म्हणतात, किती नशीबवान आई मिळाली तुला. मी हसते. गेल्या वर्षी एका दुकानानं तिला निवडलं. नवी फळी बाजारात यायच्या आधी ते दोन-तीन मुरलेल्या लोकांना देतात, ती माणसं ती चालवून बघतात आणि लिहून कळवतात की कशी आहे, कुणी घ्यावी, कुणी घेऊ नये. त्यांत बाई ही एकटीच. पहिली परीक्षा फळीची आणि हिचीही. फळी नीट परत गेली, लिहिलेलं त्यांना पटलं, तर पुढंही पाठवणार, नाहीतर नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या चार दिवस आधी ती पहिली फळी आली. हॉलमधलं टीपॉय सरकवून लेकीनं ती जमिनीवर ठेवली, तर मधला भाग उचललेला, खाली माझा हात जाईल एवढा. मग तिनं एक टोक जमिनीला टेकवलं, दुसरं हातात धरलं आणि मधोमध गुडघा लावून ओढलं. आबा, मी भाजी निवडत होते, माझे हात थांबले. फळी जेमतेम लवली. ती म्हणाली, ही फार ताठ आहे, नवख्यानं हिच्या वाटेला जाऊ नये, ही चूक माफ करत नाही. मग दोन्ही टोकं धरून कापड पिळावं तशी पिळून पाहिली, बोटाच्या पेरानं ठोकून कान लावला, वहीत काही लिहिलं. तोंड अमुक, शेपूट तमुक, पायांखाली सगळ्यात टणक. मी विचारलं, गुडघा का लावलास? तर म्हणाली, अगं सगळे असंच बघतात.

सगळे कुठले. तुम्ही बघत होता. खाडीकाठच्या मांडवात वल्हं घडून झालं की पातं जमिनीला, मध्ये गुडघा, आणि दांडा हळूच स्वतःकडे. मग डोळे मिटून तुम्ही काहीतरी ऐकायचात. ते काय ते मला हवं होतं. तुम्ही दुपारी जेवून आडवे झालात की मी मांडवात शिरायची आणि उभी करून ठेवलेली वल्ही एकेक करून गुडघ्याला लावून बघायची. वर्षभरात मला कळायला लागलं होतं, कुठलं मऊ, कुठलं एका अंगाला जड. बारा वर्षांची होते मी. एकदा तुम्ही पाठीमागं येऊन उभे राहिलात. तुम्ही ओरडला नाहीत, त्याचंच जास्त लागलं. एवढंच म्हणालात, "वल्याक गुडघो लावचो तो दर्यात जातल्यान. तू खय जातलंस?" आणि वल्हं माझ्या हातातून काढून घेतलंत. त्याच पावसाळ्यात दादाला समोर बसवून तेच शिकवलंत. त्यानं पुढं पोस्टात नोकरी धरली आणि लाकूड तासायचा वासला पुन्हा हातात घेतला नाही. मी आत-बाहेर करताना पाहत होते, त्याचा गुडघा चुकीच्या ठिकाणी लागायचा. तुम्ही दहा-दहा वेळा न कंटाळता सरकवून द्यायचात. माझ्या वाट्याला मांडव झाडून ढलप्या चुलीपाशी नेणं.

वर्षातला एक दिवस तेवढा माझा. खंडेनवमी. आदल्या संध्याकाळी हत्यारं धुवायची, पुसायची, तेलाचा हात द्यायचा, ते काम तुम्ही मला द्यायचात. वासला, पटाश्या, रंधा, करवत. सकाळी पाटावर मांडायची आणि तेलात कालवलेल्या कुंकवाची बोटं ओढायची, म्हणजे वाऱ्यानं उडत नाही. मात्र त्या दिवशी कुणी हत्याराला हात घालून काम करायचं नाही. मला हत्यारं मिळायची ती अशी, ती निजलेली असताना.

इथेही मी खंडेनवमी चुकवत नाही. गेल्या वर्षी त्या दिवशी पाटावर विळी, कुकर, शिवणाचं यंत्र, जावयांचा लॅपटॉप आणि नातीचा कंपास मांडला. फळी मांडू का विचारलं, तर लेक ऑफिसला निघता निघता दारातून म्हणाली, "लाव ना, पण फक्त टॉपशीटवर हं आई." दार लागलं. मी फळी पालथी केली आणि तळावर तेल-कुंकवाची पाच बोटं ओढली. तळ पांढराफटक होता. कुंकू त्यावर फार शोभून दिसलं. झेंडूचं फूल ठेवलं, अगरबत्ती ओवाळली, स्वामींना हात जोडले.

संध्याकाळी ती आली, बूट काढले, आणि तशीच उभी राहिली. मग तिनं सांगितलं ते असं: फळीचा तळ मेण पिण्यासाठीच केलेला असतो, त्याला बारीक बारीक छिद्रं असतात, आणि मेण पितो तसा तो तेलही पितो. तेल प्यालेला तळ बर्फावर अडतो. तिनं फडक्यानं पुसलं तर लाल पसरलं. जावई वातावरण हलकं करायला म्हणाले, आई, आता नारळ पण फोडून घ्या, उतारावर उपयोगी पडेल. नात इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, आजी, लाइक दॅट कॅनॉट लाह, म्हणजे असं करायचं नसतं. लेक हसली नाही. म्हणाली, "इट्स ओके, आई. टॉपशीट म्हणजे वरची बाजू. तुला कळलं नसेल." तिला राग आला की ती आधी इंग्रजीत बोलते. मी म्हटलं, हो गं, चुकलं.

तिनं कुणाला तरी फोन करून उपाय विचारला. इस्त्री गरम करायची, मेण वितळवून तळावर सोडायचं, आणि ते गरम आहे तोवर खरवडून काढायचं, म्हणजे आतली घाण मेणाबरोबर वर येते. दोन खुर्च्यांवर फळी पालथी ठेवून ती खरवडायला लागली. तिचा हात बोजड. खरवडणी उभी धरत होती, सपासप ओरखडे उठत होते. माझ्यानं बघवेना. मी खरवडणी घेतली, जरा कलती धरली, दोन्ही अंगठे मागून दाबले आणि एका दमात तोंडापासून शेपटापर्यंत ओढली. मेणाची सलग पट्टी निघाली, गुलाबी. तुमच्या रंध्यातून निघायची तशी. दुसऱ्या वेळी फिकट गुलाबी, तिसऱ्या वेळी जवळजवळ पांढरी. लेक बघत राहिली. म्हणाली, "आई, हे तुला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, कुणी नाही. खोटं नव्हतं ते.

मग मला राहवलं नाही. फळी उभी केली, टोक पायपुसण्यावर टेकवलं आणि गुडघा लावला. बासष्टाव्या वर्षी, नऊवारीत नव्हते एवढंच. डोळे मिटून ओढली. पुन्हा उलटून ओढली. तिला म्हटलं, शेपटाकडे ही एका अंगाला जड आहे, दोन्ही कडा सारख्या लवत नाहीत. ती म्हणाली, यंत्रावर बनते गं आई, असं नसतं. मी म्हटलं, असेल मग माझा गुडघा दुखरा.

डिसेंबरात ती दहा दिवस गेली. मी नातीला सोडणं-आणणं केलं, एकादशी केली, रोज तिचे फोटो बघितले. एका फोटोत ती पांढऱ्या उतारावर एकटी, मागं तिचीच एक रेघ. फोटोखाली किती जणांनी काय काय लिहिलं होतं. मी नातीला कार्टून लावून दिलं आणि तो फोटो बराच वेळ मोठा करून बघत बसले. ते कौतुक नव्हतं, आबा. आईनं म्हणायचं असतं की लेकीनं नाव काढलं. मला ती रेघ माझी हवी होती.

आणि आजचं पत्र. खोकं मीच उघडलं, कागद वरच होता. दुकानवाल्यांनी लिहिलंय की तुमचा अभिप्राय आम्हांला सगळ्यांत उपयोगी पडला, विशेष म्हणजे शेपटाकडच्या दोन कडांच्या ताठपणातला फरक, जो बाकी कुणाच्या लक्षात आला नाही. आम्ही मोजून पाहिलं आणि तो खरा निघाला. म्हणून ही दुसरी फळी, आणि यापुढं दर हंगामात. लेक आज घरून काम करत होती, बाहेर आली, पत्र वाचलं, तिचा चेहरा उजळला. मी विचारलं, काय म्हणतात? म्हणाली, "काही नाही गं, रिपोर्ट आवडला त्यांना." आणि पत्राची घडी करून खिशात ठेवली. तुझ्यामुळं, एवढा एक शब्द. तो आला नाही. कदाचित बर्फावर तिला तो फरक आपणहून जाणवला असेल आणि माझं बोलणं ती विसरलीही असेल. कदाचित नसेल विसरली. ती खोलीत गेली आणि मी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरले, वरणाचा लगदा झाला.

दुपारभर मी मनात तिच्याशी भांडले. तोंडावर भांडता येत नाही. भांडायला गेले तर तिला आधी हे सांगावं लागेल की पत्र मी वाचलं, सगळं समजलं. मॅट्रिकला इंग्रजीत मला बावन्न मार्क होते, आबा. निकाल वाचून तुम्ही नुसती मान हलवली होती. या घरात ते कुणाला ठाऊक नाही, कारण मी इंग्रजी बोलत नाही, आणि न बोलणारीला येत नाही असंच सगळे धरून चालतात. मला ते सोयीचं पडतं.

तर त्या दिवशीचं टॉपशीट. मला कळलं होतं. दारातून ती बोलली तेव्हाच कळलं होतं, आणि तेल-मेणाचं पण, कारण आदल्या रविवारी ती जावयांना मेणाची वडी दाखवून सगळं समजावत होती आणि मी तिथंच पोळ्या लाटत होते. मी फळी पालथी केली ती समजून उमजून. देवासमोर बसून. मनात एवढंच होतं की एकदा, फक्त एकदा, हिच्या पण हातातून फळी काढून घेतली जावी. आणि मग बोटं ओढताना अगदी सरळ पाच रेघा आल्या, याचा मला आनंदही झाला. तीन वेळा मेण ओढून काढलं, ते तिच्यासाठी किती आणि हातात खरवडणी मिळाली म्हणून किती, ते स्वामींना ठाऊक.

तिनं माझी एक गोष्ट लपवली आणि मी तिची एक. तिची लहान आहे. हे मी मोजून सांगते, माझ्या बाजूनं झुकून नाही. आज ना उद्या नवी फळी ती हॉलमध्ये टेकवील आणि मला हाक मारील की नाही, ते मला माहीत नाही. हाक मारली तर मला आधी कुंकवाचं सांगायला हवं, नाहीतर तो गुडघा लावायला मला तोंड नाही. नाही मारली तर मी सांगणार नाही, एवढी मी अजून चांगली झालेली नाही. हे पत्र पेटीत टाकायला पत्ता नाही आणि पोथीत ठेवलं तर नात काढून आपल्या आईला नेऊन देईल, म्हणून डाळीच्या डब्याखाली कागद घालते तिथं घालते आहे. तुम्ही मला त्या दिवशी मांडवात विचारलं होतं, त्यापेक्षा माझा प्रश्न सोपा आहे. सांगू की नको? हाक यायच्या आत उलट टपाली कळवा.