पाचवा नंबर

१२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

फॅमिली! हा शब्द आज घरात इतक्या वेळा ऐकला की कान किटले.

सुदर्शन शाळेत शिकवून आले ते मोबाईलच्या दुकानातला चकचकीत कागद घेऊनच. फॅमिली प्लॅन. एक मुख्य नंबर, तीन जोडलेले, महिन्याला एकच बिल. सध्या आमचे पाच पॅक पाच वेगळ्या तारखांना संपतात, आणि दर वेळी नवा पॅक आधीपेक्षा महाग. तेव्हा कल्पना वाईट नाही, हे मीही मान्य केलं. मग त्यांनी पेन काढलं. मुख्य नंबर त्यांचा स्वतःचा. मग माझा. मग लेकीचा, करिष्माचा – तिची बारावी आहे, क्लास सगळे मोबाईलवर. मग सासूबाईंचा.

"आणि माझ्या आईचा?" मी विचारलं.

"चारच बसतात त्यात. कंपनीनेच तसं ठेवलंय."

म्हणजे माझी आई फॅमिलीत आहे की नाही, हे कंपनीने ठरवलं! आमच्या गुरुजींचा त्यात काही हात नाही. कागदावर चार माणसांचं चित्र आहे, सगळी गोरी, सगळी हसतायत. आमच्या घरातलं कोणीही तसं दिसत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या मलाच वाटेल की मी उगाच भांडतेय.

आई खोडाळ्याच्या पुढे आमच्या पाड्यावर एकटी राहते. बाबा गेले, मी एकुलती. पाड्यावर रेंज नाही. रेंज वरच्या माळावर, तीही करवंदीच्या जाळीपाशी उभं राहिलं तर. जवळच्या शिरपामाळावर फोटो काढायला येणाऱ्या पर्यटकांना फुल रेंज, आणि माझ्या आईने नाचणीच्या शेतातून दमून आल्यावर त्यासाठी चढण चढायची.

पण ती चढते. रोज संध्याकाळी मला मिस कॉल देते. एक रिंग म्हणजे बरी आहे. दोन म्हणजे ये. मी उचलायचं नाही, असं आमचं ठरलेलं. रिंग दिली की ती फोन बंद करून टाकते, चार्जिंग वाचवायला. दोन रिंगा आजवर कधी दिल्या नाहीत.

आता बोलायला वेगळे पैसे पडत नाहीत हे तिला शंभरदा सांगितलं. ऐकत नाही. "बोलला का पैसं जातात. मिसकॉल फुकट!" कधीकाळी ते खरंही होतं, ते तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. त्यामुळे गणपतीत सुदर्शनसमोर म्हणाली, "मना कसाला रिचार्ज? मी त बोलतंच नाय."

झालं! तेवढं एक वाक्य आमच्या गुरुजींनी बरोबर उचललं. आज पुन्हा ऐकवलं, "त्यांनाच नकोय, तू का हट्ट करतेस?"

पॅक संपला की मिस कॉलही जात नाही, हे गणित शिकवणाऱ्या माणसाला मी समजावून सांगायचं! आईचा पॅक महिनाअखेरीला संपतोय. त्यानंतर ती बरी आहे की नाही हे मला कोण सांगणार, कंपनी?

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज सासूबाई बोलल्या. "तिला काय गं, डोंगरावर राहते. मोबाईल घेऊन करायचंय काय?" हे बोलताना स्वतःच्या मोबाईलवरून नजर हटलेली नव्हती. दुपारपासून मालिका चालू होती. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा ऐकू आल्या नाहीत, भात खाली लागला.

मला राहवलं नाही. म्हटलं, "नितीनभाऊजी आहेत ना वसईला. ते घेतील तुम्हाला त्यांच्या प्लॅनमध्ये. तेही तुमचेच."

मग सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला, आणि सुदर्शन माझ्यावर ओरडले. "माझ्या आईला घराबाहेर काढतेस?"

घराबाहेर नाही हो. प्लॅनबाहेर. माझ्या आईला काढलंत तेव्हा कोणाच्या डोळ्याला पदर लागला नाही. तिला तर कोणी विचारलंसुद्धा नाही.

करिष्मा तेवढी म्हणाली, "माझ्या जागी आजीला घ्या." या घरात एकटीच शहाणी आहे. तिला म्हटलं, तू अभ्यास कर.

१६ नोव्हेंबर, रविवार

भाजीत मीठ जास्त पडलं. कोणी काही बोललं नाही. बरं झालं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आता आईचाच राग आलाय.

आज मिस कॉल उन्हं असतानाच आला. मी कचेरीतच होते. दिवाळीपासून हे असंच चाललंय. पूर्वी दिवेलागणीची वेळ कधी चुकायची नाही. आणि रिंगही हल्ली लांबते. आईची रिंग म्हणजे लागली की तुटली, पैसे जातील या भीतीने ती श्वास रोखूनच बटण दाबायची. आता वाजत राहते. भीती गेली म्हणायची.

आज ठरवलं, सरळ बोलावं. लगेच उलटा फोन लावला. लागला! वाजला! आणि कट.

कट केला! माझ्या आईने माझा फोन कट केला! पुन्हा लावला तर बंद.

इथे मी तिच्यासाठी अख्ख्या घराशी भांडतेय. सासूबाई तोंड फिरवून बसतात, नवरा ताटावर बोलत नाही. आणि तिला माझ्याशी एक शब्द बोलायची इच्छा नाही. रिंग दिली, काम उरकलं. तेही उजेडातच, म्हणजे अंधारात चढायला नको. दिवाळीत आले नाही म्हणून रुसली असेल. तर तसं म्हण की! मी काय मजेत होते? दिवाळीत नितीनभाऊजी बायकामुलांना घेऊन आले होते, चार दिवस मी चुलीपुढून हलले नाही.

कोणालाच माझं काही नाही. खरंच नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मिटवून टाकलं.

सकाळी डबे भरता भरता सुदर्शनना म्हटलं, "माझा नंबर काढा प्लॅनमधून. माझ्या जागी आईचा घाला. मी माझा छोटा पॅक मारेन."

ते म्हणाले, "मग तू काय आमच्या फॅमिलीत नाहीस?"

"हेच तर विचारतेय इतके दिवस," मी म्हटलं.

डबा न घेताच गेले. मधल्या सुट्टीत मेसेज आला, ठीक आहे, तुझ्या मनासारखं कर. जिंकले म्हणायचं. आनंद मात्र तसूभरही झाला नाही. आई कट करते, नवरा ठीक आहे म्हणतो, आणि मी सगळ्यांच्या यादीबाहेर. छान!

२२ नोव्हेंबर, शनिवार

दुकानातला माणूस म्हणाला, "ताई, नंबर जोडायचा तर त्या नंबरवर ओटीपी येणार. तो मला लगेच सांगावा लागेल."

आईला ओटीपी! बंद फोनवर, माळाखालच्या घरात! तिला अक्षर येत नाही, आकडे नोटांवरचे तेवढे ओळखते. दुपारी रिंग आली तेव्हा पुन्हा लावून पाहिला. पुन्हा कट.

म्हणजे उद्या जाणं आलं. माळावर आईला घेऊन उभं राहायचं, दुकानवाल्याला फोन करायचा, आकडे वाचून दाखवायचे. त्याला उद्या दुकान उघडं ठेवायला सांगून आले.

"एका ओटीपीसाठी एवढ्या लांब?" सुदर्शन.

हो. ओटीपीसाठी. आणि तिच्या तोंडावर विचारायलाही – माझा फोन का कापतेस?

२३ नोव्हेंबर, रविवार

खोडाळ्याला जीपमधून उतरून चालत निघाले. माळावर पोचतेय तोच पिशवीत फोन वाजला. एक रिंग. मान वर केली तर करवंदीच्या जाळीपाशी शेजारची गौरा उभी. हातात आईचा फोन.

मला बघून तिला रडूच फुटलं. आई दिवाळीच्या आधी खळ्यावर पडली. खुबा मोडलाय. तेव्हापासून अंथरुणावर. गौरा रानातून येता येता रिंग देऊन जायची. मी लावला की घाबरून कट करायची.

"म्हातारी म्हणं, एकच दे. दोन दिल्यास त ती कामधंदा टाकून पळत येल."

पळतच घरात शिरले. आई गोधडीत, इतकीशी झालेली. माझा हात धरला आणि पहिलं हेच विचारलं –

"मिसकॉल पोचत व्हता ना रोज?"