खांदा गेला, तोंड शाबूत

रोल्ला, शारजा

आदरणीय गनीमामूंना हम्मादचा सलाम. तुमची शुगर आणि मामीचा राग, दोन्ही आटोक्यात असतील अशी उमेद आहे. तुमच्या हातून अख्ख्या हर्णैची हाडं बसली, पण व्हॉट्सॲप काही उघडत नाही, म्हणून हे पत्र शहनाझआपाबरोबर पाठवतोय. इथे सगळं ठीक. (यम्ना म्हणते, खरं लिहा. बायकोचं ऐकावं लागतं, लिहितो.)

माझं बेसबॉल खेळणं खलास झालं. मी आउटफिल्डर होतो, म्हणजे गावात बाउंड्रीवर उभा राहायचो तसाच, फक्त हातात चामड्याचा मोठा पंजा आणि महिन्याला पगार. (अम्मीला अजून वाटतं मी वॉचमन आहे. उभाच तर असतोस, म्हणते.) उजवा खांदा गेला तेव्हा मॅनेजर म्हणाला, हबीबी, तोंड तर शाबूत आहे ना? आणि बसवलं हिंदी कॉमेंट्रीला, एसी केबिनमध्ये, कोट घालून. खुर्ची गोल फिरते. मजेत आहे, मामू. अगदी मजेत.

आता पहिल्याच मॅचचा पराक्रम ऐका. आमच्यात रिवाज असा की बॉल दोघांच्या मधे उंच उडाला तर घेणारा ‘माझा!’ म्हणून ओरडतो आणि दुसरा मुकाट बाजूला होतो, नाहीतर टाळकी फुटायची. माझ्या जागी आता आपल्या दाभोळचा तहा आहे. आधी तो माझ्या शेजारीच उभा असायचा. शेवटचा कॅच, घेतला की जिंकलो. बॉल वर गेला आणि मी खुर्चीतून उठून माईकमध्ये बोंबललो, ‘माझा! माझा! सोड!’ आमची कॉमेंट्री मैदानातल्या भोंग्यांवरही लागते. तहा बिचारा आज्ञाधारक. बाजूला झाला. बॉल धपकन खाली, मॅच गेली.

लोक हसून लोळले, चॅनेलवाले खूश. घरी इनाया म्हणाली, ‘अब्बा, यू वेअर नॉट ईव्हन प्लेइंग!’ पोरीचं बोलणं लागलं हो. पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसून रडलो. पाय अजून धावायला बघतात मामू, त्यांची समजूत कशी घालायची? असो, नशिबापुढे काय चालतं.

तुमचा भाचा,
हम्माद

ता. क. तुमचं ते घाण वासाचं खांद्याचं तेल अजून बनवता ना? ईदनंतर नव्या टीमची ट्रायल आहे. शहनाझआपा परत येताना एक बाटली द्या. यम्नाला कळू देऊ नका.

ता. क. २. पाकीट बंद करणार तेवढ्यात तहा आला. मला वाटलं भांडणार. तर म्हणतो, हम्मादभाई, तुमचा आवाज आला की बॉल तुमचाच वाटतो. पाणी प्यायला ग्लास उचलला तो डाव्या हाताने. खांदा त्याचाही धरलाय, जागा जाईल म्हणून कुणाला सांगत नाही. मामू, तेल त्यालाच देतो आणि त्याला डॉक्टरकडेही नेतो. पुढच्या वेळी बॉल वर गेला की ‘तुझा, तहा, तुझा!’ ओरडणार, इन्शाल्ला.

बाटली मात्र जरा मोठी पाठवा.