वैशूचं ताट आधी

रिठद, रविवार, संध्याकाळ

आज मंगरूळपीरच्या मैदानावर पोरींचा बेसबॉल पाहाले बाहेरच्या कॉलेजांचे कोच आले होते. ज्याले जी पोरगी पसंत पडन, तिले तो आपल्या कॉलेजात घेणार, होस्टेलसगट. आमची वैशू बारावीले आहे. तिच्यावानी फेकणारी तिथं एकही नव्हती. तिची आई आहे म्हणून नाही लिहत, खरं आहे.

पण पोरगी काय करून राह्यली होती? टोपल्यातले चेंडू दुसऱ्या पोरींच्या हातात देऊन राह्यली होती. एकेकीले म्हणे, "तू फेक आधी." तिकडं कोच लिहून घेऊन राह्यले अन् ही चेंडू वाटून राह्यली, पंगतीत वाढल्यावानी. मी कुंपणापासून ओरडली, "वैशे, वाढाले आली का तू इथं?" सगळे हसले. हसू द्या.

हिची पाळी आली तवा कोच सामान आवरून राह्यले होते. दोनच चेंडू फेकले. एका कोचनं मान वर केली. म्हणे, "ही कुठं होती आतापर्यंत? उद्या पुन्हा ये."

कुठं होती? वाढत होती. आमच्या घरी बाया मागून जेवतात, तेच शिकली ती. दुसरं काय शिकन?

आज तिचं ताट मी पहिलं वाढलं. ती बापाकडं पाहाले लागली. मी म्हटलं, "त्यायच्याकडं काय पाहतं? गरम आहे तवर खाय."

खाल्लं तिनं. उद्या पहिला चेंडू तिच्याच हातात पाहिजे. मी कुंपणापाशी उभी आहेच.