थोरल्याचं नाव

आईस, लांबूनच पाया पडतो.

इकडे भुजला मी बरा आहे. भात मात्र आपल्या टोकावड्यासारखा नाय. बारक्या अक्षदाचा खोकला गेला का गो?

खोलीत कुणाची तरी कादंबरी सापडली. तिच्या शेवटी एका मानसतज्ज्ञाने टिपण लिहिलंय, की नायक आईवर सारखा चिडतो, कारण ती त्याच्यात मेलेल्या भावालाच बघते. त्याला स्वतःचं असं काही उरतच नाय. वाचून लगेच तुला लिहायला बसलो.

थोरला गेला आणि तू मला त्याचंच नाव दिलंस. पितरांना पान ठेवून "संदेशा, ये रे, जेव," म्हणत कावळ्याला बोलवतेस, तेव्हा मी ओटीवर जिवंत बसलेला असतो.

फोनवर "कधी येशील" म्हणून रडतेस. आमच्या दोघांतला कोण यायला हवाय, ते आधी ठरव. मीच हवा असलो तर कळव.

तुझा धाकटा