पुठ्ठा बरोबर होता

सर,

काल तुमची जीप माझ्या दुकानासमोर टेम्पोवरून उतरवली. तुम्ही ती ओळखली नसती. तुमच्या मुलीने यवतमाळच्या एका गॅरेजमध्ये तिचा पार कायापालट करून घेतला आहे: लाल रंग, रुंद टायर, बॉनेट काढलेलं आणि सगळ्या जगाने पाहावं म्हणून इंजिन उघडं. इंजिन मात्र तुमचंच, जुनं पेट्रोलचं. नवा अल्टरनेटर आणला होता, तो इंजिनाला धरून ठेवणारा ब्रॅकेट तेवढा निवडायचा राहिला होता. यवतमाळला दुकानं कमी नाहीत. पण ताई दारव्ह्याला आल्या, कारण म्हणे, "बाबा तुमच्याकडूनच सामान घ्यायचे, भाऊ." मी त्यांना खुर्ची दिली आणि उगाच फडकं घेऊन काउंटर पुसत राहिलो.

तुम्ही आला होतात तो बाजाराचा दिवस होता. तुम्ही नुकतेच निवृत्त झालेले. जीपची बॅटरी भरणारा डायनॅमो थकला होता, म्हणून त्याच्या जागी अल्टरनेटर बसवायचा आणि तोही स्वतःच्या हाताने, असं तुम्ही ठरवलं होतं. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तुम्ही ब्रॅकेटचा आकार केला होता, भोकांच्या जागा पेन्सिलने आखल्या होत्या. मी दुकानातला ब्रॅकेट त्यावर ठेवला. भोकं जुळत होती, पण पुढचा कान, म्हणजे अल्टरनेटर अडकतो ते टोक, दोन सूत बाहेर येत होता. दोन सूत म्हणजे पाव इंच. तेवढ्याने पुली रेषेबाहेर जाते आणि पट्टा घासून उडतो, हे मला चांगलं माहीत होतं. बरोबर ब्रॅकेट नागपूरहून यायला चार दिवस लागले असते. पण दुकान गिऱ्हाइकांनी भरलं होतं आणि आपल्याकडे मिळत नाही अशी वस्तूच नाही, अशी फुशारकी मी नुकतीच मारून बसलो होतो. तुमच्यासमोर, त्यांच्यासमोर "नाही" म्हणणं माझ्या जिवावर आलं. एवढंच कारण आहे, सर. मी इतकी वर्षं याहून मोठं कारण शोधतो आहे, सापडत नाही.

"हेच लागते सर," मी म्हणालो.

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून वाकून पाहिलंत. "माह्या पुठ्ठ्याशी जुयत नाही वाटते गा."

"पुठ्ठा हवेनं फुगते सर. तुमी डोये झाकून बसवा."

दुकानाच्या उद्घाटनाला तुम्ही दिलेली स्टीलची पट्टी गल्ल्याशेजारीच होती. मी ती उचलली नाही. नववीत प्रयोगाच्या वहीत मी शेजाऱ्याचा आकडा उतरवला होता, तेव्हा तुम्ही वही माझ्यापुढे आपटून म्हणाला होतात, "मोजलं नाही तं लिहू नको. कोरं सोड. कोऱ्याची लाज नसते." त्या दिवशी दुकानात मी फक्त कोरं सोडायला हवं होतं.

महिनाभरात महागावच्या रस्त्यावर पट्टा उडाला, ब्रॅकेटचा कान तुटला, पाण्याचा पंप थांबून इंजिन उकळलं. तुम्ही आणि काकू भर उन्हात निंबाखाली बसून राहिलात. दुसऱ्या दिवशी तुम्ही तुटका तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन येता. मी उत्तरं तयार ठेवली आहेत, माल कंपनीचा, रस्ता खराब, नट ढिले राहिले असतील. तुम्ही पुडी काउंटरवर ठेवता आणि म्हणता, "तुह्या मालात खोट नाही. माह्यंच माप चुकलं. आता नजर राह्यली नाही."

आणि मी म्हणतो, "वयोमानानं होते, सर." वर चहा मागवतो. तुम्ही तो पिता.

मला सगळ्यात जास्त लाज त्या चहाची वाटते. खोटं एकदा घाईत बोललो, असं म्हणता आलं असतं. चहा तर मी निवांत पाजला. त्यानंतर जीपवर ताडपत्री पडली ती पडलीच. पूर्वी गल्लीत कोणाची चौकट असो की देव्हारा, माप तुमचंच असायचं. नंतर लोक आले की तुम्ही म्हणायचात, "दुसऱ्याले दाखवा, माह्या हातून आता होत नाही." मी हे ऐकत होतो, समोरून सायकलने जात होतो. तुमची नजर शाबूत आहे, हे फक्त मला माहीत होतं, तुम्हालाही नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी खांदा दिला, तोंड मात्र उघडलं नाही.

काल ताईंनी तोच पुठ्ठा काउंटरवर ठेवला. "हे चुकीचं हाये, तुम्ही नवं माप घ्या," म्हणाल्या. त्यांना चमकणारा क्रोमचा ब्रॅकेट आवडला होता. तो पातळ आहे, थरथरेल, असं सांगून मी काळा, जाड बिडाचा काढला. तीनदा मोजलं. मग त्या बाहेर फोनवर बोलत होत्या तेवढ्यात ब्रॅकेट तुमच्या पुठ्ठ्यावर ठेवला. भोकाला भोक, कडेला कड. पेन्सिलच्या रेघेएवढाही फरक नव्हता. बसवला, पुल्यांवर दोरी ताणून त्या एका रेषेत आहेत ना ते पाहिलं, इंजिन सुरू केलं. पट्टा आवाज न करता फिरत राहिला. ताईंचे डोळे भरून आले. "बाबाले एवढं जमलं असतं तं त्यायनं जीप सोडली नसती," त्या म्हणाल्या. मी हात पुसत "हो ना," म्हणालो.

हे तुम्हाला लिहितो आहे, कारण तुम्ही वाचणार नाही. ज्यांनी वाचायला हवं त्या यवतमाळला आहेत आणि त्यांना पाठवायची माझी हिंमत नाही.

आज सकाळी त्यांचा फोन आला होता. "भाऊ, बाबाचा पुठ्ठा तिथंच राह्यला काय? चुकला तं चुकला, त्यायच्या हातचा हाये. फ्रेम करून लावावा म्हटलं."

कोणीतरी तो नव्या ब्रॅकेटवर ठेवून पाहील, एवढंच माझ्या मनात आलं. "नाही दिसला, ताई," मी म्हणालो. तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.